वर, वर्म आणि फासा : पुराणकथांतील राक्षसांच्या सामर्थ्याचे भूमिकाखेळांतील रूपांतर

पुराणकथेत राक्षसाचे वा दैत्याचे सामर्थ्य कधीही एकटे येत नाही. ते कसे प्राप्त झाले याची हकीकत त्याच्या मागे असते, आणि ते कोठे संपुष्टात आले याची हकीकत पुढे असते. तप, वर, उन्माद आणि वध हा क्रम मराठी श्रोत्याच्या कानांवर लहानपणापासून इतक्या वेळा पडलेला असतो की, त्यातील एक पायरी वगळली तर कथा अपुरी राहिली असे त्यास आपोआप वाटते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत उदयास आलेल्या एका खेळप्रकाराने मात्र हे सामर्थ्य कथेतून सोडवून घेतले, त्याला आकडा दिला आणि कोणत्याही नव्या कथेत बसविता येईल असे सुटे करून ठेवले. या रूपांतराचा इतिहास पाहणे व त्यात काय टिकले आणि काय गळाले याचा विचार करणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. विषय वरवर करमणुकीचा दिसतो. परंतु 'राक्षस' यासारख्या शब्दाचा अर्थ पुढील पिढीच्या मनात कोणत्या वाटेने शिरणार, हा प्रश्न त्यात गुंतलेला असल्यामुळे भाषेच्या अभ्यासकाने त्याकडे दुर्लक्ष करणे योग्य होणार नाही.

प्रथम या खेळाचे स्वरूप थोडक्यात सांगितले पाहिजे. मेजाभोवती चार-सहा माणसे बसतात. त्यांपैकी एकजण सूत्रधार असतो. बाकीचे प्रत्येकी एकेका पात्राची भूमिका घेतात. सूत्रधार प्रसंग वर्णन करून सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करणार ते बोलून दाखवितात, आणि जेथे यशापयश अनिश्चित असेल तेथे फासे टाकून निर्णय लावला जातो. रंगभूमी नाही, वेष नाही, पाठ केलेली संहिता नाही. आहे ती बोललेली भाषा आणि छापलेले नियम. म्हणूनच या खेळात प्रवेश करणाऱ्या प्रत्येक अद्भुत प्राण्याला दोन रूपे घ्यावी लागतात : सूत्रधाराच्या तोंडचे वर्णन आणि नियमग्रंथातील नोंद. वर्णन प्रसंगानुसार बदलते. नोंद मात्र सर्वांसाठी सारखी असते.

या नोंदीचे कूळ युद्धखेळांत आहे. प्रशियन लष्करात रायस्विट्झ पितापुत्रांनी रचलेला 'क्रीगस्पील' हा युद्धखेळ १८२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यात नकाशा, फासे आणि निर्णय देणारा पंच ही तिन्ही अंगे होती. एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकाराने १९१३ साली 'लिटल वॉर्स' हे छोटे पुस्तक लिहून खेळण्यातील शिपायांच्या लढाया घरगुती छंदाच्या कक्षेत आणल्या. पुढे अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली यांनी १९६९ साली 'ब्राऊनस्टीन' नावाच्या खेळात प्रत्येक खेळाडूकडे पलटणीऐवजी एकेक व्यक्ती सोपविली. त्याच मंडळींतील डेव्ह आर्न्सन यांनी या कल्पनेला अद्भुतरम्य प्रदेशाची जोड दिली. विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या गावी गॅरी गायगॅक्स यांनी जेफ पेरेन यांच्यासह १९७१ साली 'चेनमेल' हे मध्ययुगीन युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. त्यांच्या पुरवणीत जादूगार, अजगरासारखे आग ओकणारे ड्रॅगन आणि इतर अद्भुत प्राणी होते. या दोन प्रवाहांचा संगम होऊन १९७४ च्या आरंभी गायगॅक्स आणि आर्न्सन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ तीन पुस्तिकांच्या पेटीत बाजारात आला. पहिली छपाई १००० प्रतींची होती.

युद्धखेळात पलटणीचे बळ आकड्यात मांडण्याची रीत होतीच. तीच रीत आता अद्भुत प्राण्यांना लावण्यात आली. १९७४ च्या दुसऱ्या पुस्तिकेत प्राण्यांचा तक्ता आहे. त्यात एका वेळी किती भेटतात, अंगावरील संरक्षण किती, चाल किती, बळाचे फासे किती, गुहेत सापडण्याची शक्यता शेकडा किती आणि जवळ धन कोणत्या प्रकारचे, असे रकाने आहेत. बळाचे फासे टाकून जी बेरीज येते तिला प्राणांक म्हणता येईल. प्रत्येक घावाने तो उणा होत जातो आणि शून्यावर आला की प्राणी मेला. तक्त्यात बसणार नाहीत ते गुण खाली गद्यात दिलेले आहेत. पुराणकथेतील सामर्थ्य या खेळात येताना प्रथम या रकान्यांतून गाळले जाते, आणि रकान्यांत न मावलेला भागच गद्यात उतरतो, ही गोष्ट पुढील विवेचनात सतत ध्यानात ठेवावी लागेल.

रूपांतराची रीत स्पष्ट करण्यासाठी ग्रीक पुराणातील मेडूसाचे उदाहरण सर्वांत सोयीचे आहे. हेसिअडच्या काव्यात गॉर्गन या तीन बहिणी आहेत : स्थेनो, युरिअली आणि मेडूसा. तिघींपैकी मेडूसा तेवढी मर्त्य. म्हणजे 'गॉर्गन' हे जातिवाचक नाम आणि 'मेडूसा' हे विशेषनाम. खेळाच्या ग्रंथात हा संबंध उलटापालटा झाला. तेथे 'मेडूसा' ही एक जात झाली. एका गुहेत दोन-तीन मेडूसा भेटू शकतात. 'गॉर्गन' हे नाव मात्र लोखंडी खवल्यांच्या, श्वासाने दगड करणाऱ्या बैलाला मिळाले. या बैलाचे मूळ ग्रीक कथेत नाही. एडवर्ड टॉपसेल या इंग्रज धर्मोपदेशकाने १६०७ साली चतुष्पादांविषयी जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात गॉर्गन या नावाचा खवलेधारी पशू आहे; तेथून ही परंपरा येते. विशेषनामाचे सामान्यनाम होणे ही भाषेच्या इतिहासातील नेहमीची घटना आहे. आपणही घरभेद्याला विभीषण म्हणतो आणि झोपाळूला कुंभकर्ण. परंतु तेथे एक गुण उचलला जातो व मूळ व्यक्ती आपल्या जागी राहते. खेळात मूळ व्यक्तीच उरत नाही. जी एकदाच मरू शकली तिला दररोज मारता यावे यासाठी तिची जात करावी लागते.

मेडूसाच्या सामर्थ्याचे काय झाले हे याहून उद्बोधक आहे. तिच्याकडे पाहणारा दगड होतो, हा गुण खेळाने जसाच्या तसा घेतला. १९७४ च्या नियमांत संकटातून बचावण्यासाठी टाकावयाच्या फाशांचे जे पाच प्रकार आहेत, त्यांपैकी एकाचे नावच 'दगड' असे आहे. मूळ कथेत पर्सियस झिलईदार ढालीत तिचे प्रतिबिंब पाहतो आणि तिच्याकडे थेट न पाहता तिचे मस्तक कापतो. ढाल हे येथे त्याच्या डोळ्यांचे रक्षण आहे. शस्त्र आहे ती कोयती. खेळाच्या नियमांत मात्र मेडूसाने आपले प्रतिबिंब पाहिले तर ती स्वतःच दगड होते. पाहण्याचे साधन मारण्याचे साधन बनले. हा बदल अज्ञानातून आला असे समजण्याचे कारण नाही. मूळ कथेतील युक्ती एकाच वीराची आणि एकदाच फळणारी आहे. नियमाला सर्वांसाठी व सर्व काळ लागू पडणारे कार्यकारण हवे असते. 'नजर दगड करते' हे विधान एकदा सर्वसामान्य केले की, 'तर मग तिची नजर तिलाही दगड करील' हा निष्कर्ष तर्काने निघतो. कथा जेथे थांबते तेथे नियम थांबत नाही, हे या उदाहरणावरून दिसून येते.

दुसरे उदाहरण ट्रोल या प्राण्याचे. उत्तर युरोपातील लोककथांत ट्रोल अनेक प्रकारचे आहेत. कित्येक कथांत सूर्याचा किरण अंगावर पडताच ते दगड होतात. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मधील ट्रोल मात्र सडपातळ, रबरासारख्या अंगाचा असून त्याच्या जखमा आपोआप भरून येतात, तुटलेले अवयव पुन्हा जुळतात, आणि आग किंवा आम्ल यांनीच त्याचा शेवट होतो. हा ट्रोल लोककथेतून आलेला नाही. पोल अँडरसन या अमेरिकन लेखकाच्या 'थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स' या १९६१ च्या कादंबरीतून आला आहे. म्हणजे लोककथा, तिच्यावरून कादंबरी आणि कादंबरीवरून नियम असा हा त्रिपदी प्रवास आहे. आगीचे वर्म मात्र जुनेच. हेराक्लीज हायड्रेची मस्तके छाटू लागला तेव्हा नवी उगवत होती. आयोलेअसने तुटलेल्या मानेला डाग दिले तेव्हा ती थांबली. आपल्याकडे देवीमाहात्म्यातील रक्तबीज याच कुळातला. त्याच्या रक्ताचा थेंब भूमीवर पडला की तेवढ्याच बळाचा दुसरा असुर उभा राहतो. अखेरीस चामुंडा ते रक्त वरच्यावर पिऊन टाकते. पुनरुत्पत्तीचे सामर्थ्य आणि ते खुंटविण्याचा एकच उपाय, ही जोडी मुळातच नियमाच्या आकाराची असल्यामुळे खेळात ती उत्तम रीतीने बसली. कथेतील प्रत्येक सामर्थ्य खेळात विद्रूपच होते असे म्हणता येत नाही, ते यामुळेच.

आता मराठी वाचकाला सर्वांत जवळच्या शब्दाकडे वळावे. ऋग्वेदात 'रक्षस्' हा शब्द नपुंसकलिंगी असता इजा, उपद्रव किंवा उपद्रवकारी शक्ती या अर्थाने येतो, आणि पुल्लिंगी असता तशी शक्ती धारण करणाऱ्याचा वाचक होतो. सातव्या मंडलातील एकशेचारावे सूक्त या शक्तींच्या नाशासाठी आहे. त्यात त्या रात्री पक्षी होऊन उडतात असे म्हटले असून घुबड, कुत्रा, सुपर्ण, गिधाड यांच्या रूपांनी वावरणाऱ्यांचा उल्लेख आहे. म्हणजे रूप पालटण्याचा गुण अगदी प्राचीन होय. 'रक्षस्' पासून साधलेले 'राक्षस' हे रूप पुढे महाकाव्यांत एका जातीचे नाव झाले. रामायणाच्या उत्तरकांडात त्याची एक व्युत्पत्ती सांगितली आहे : ब्रह्मदेवाने जल उत्पन्न करून त्याच्या रक्षणासाठी प्राणी निर्मिले, 'आम्ही रक्षण करू' असे जे म्हणाले ते राक्षस झाले. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही लोकव्युत्पत्ती असली, तरी तिचे महत्त्व कमी नाही. राक्षस हे जन्मतः दुष्ट नसून आपण उच्चारलेल्या एका वाक्यामुळे त्या नावास पात्र झाले, अशी समजूत तिच्यामागे आहे.

महाकाव्यांतील राक्षसाचे मुख्य सामर्थ्य माया हे आहे. मारीच सुवर्णमृग होतो आणि मरताना रामाचा आवाज काढतो. रावण परिव्राजकाच्या वेषाने सीतेच्या दारी येतो. दोन्ही ठिकाणी माया यशस्वी होते ती समोरच्याच्या विश्वासावर : पतीच्या हाकेवर आणि संन्याशाला भिक्षा घालण्याच्या धर्मावर. राक्षसांच्या दृश्य रूपाविषयी मात्र परंपरा उदार आहे. अशोकवनात सीतेभोवती बसलेल्या राक्षसींची मुखे सुंदरकांडात वर्णिली आहेत. त्यांत डुक्कर, हरिण, वाघ, म्हैस, शेळी, कोल्हीण या साऱ्यांची मुखे आहेत. वाघ तेथे अनेकांतील एक आहे, इतकेच.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये राक्षस प्रथम आला तो 'स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' या नियतकालिकाच्या डिसेंबर १९७५ च्या पाचव्या अंकात. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या, साडेतीनशेहून अधिक प्राण्यांच्या 'मॉन्स्टर मॅन्युअल' या ग्रंथात त्याची नोंद पक्की झाली. ती अशी : तो प्रथम भारतात ज्ञात झालेला दुष्ट आत्मा असून देहात वावरतो; नरमांस त्यास प्रिय आहे; तो समोरच्याचे मन वाचतो आणि त्यास जे रूप मित्राचे वाटेल त्या रूपाचा भास उत्पन्न करतो. आठव्या पायरीखालील मंत्र त्याच्यावर चालत नाहीत, साध्या शस्त्रांनी त्यास इजा होत नाही, पण धर्मगुरूने आशीर्वाद दिलेला आडव्या धनुष्याचा बाण लागताच तो मरतो. बळाचे फासे सात. प्रवृत्ती : नियमबद्ध दुष्ट.

यातील मित्ररूपाचा भास रामायणातील मायेशी जुळतो. आडव्या धनुष्याचा बाण मात्र कोणत्याही संस्कृत ग्रंथातला नाही. त्याचे मूळ २० डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकन दूरचित्रवाणीवर दाखविलेल्या 'कोलचॅक : द नाइट स्टॉकर' या मालिकेतील एका भागात आहे. 'हॉरर इन द हाइट्स' नावाचा हा भाग जिमी सँगस्टर या ब्रिटिश पटकथाकाराने लिहिला. त्यात शिकागोच्या एका वस्तीत राहणाऱ्या वृद्ध ज्यू रहिवाशांना राक्षस त्यांच्या विश्वासातील माणसांच्या रूपाने भेटतो आणि खातो. एक वृद्ध भारतीय त्यास रोखण्यासाठी भिंतींवर स्वस्तिके काढतो, आणि रहिवाशांना ती नाझींची वाटतात. नायक अखेरीस पवित्र केलेल्या बाणाने राक्षसाला मारतो. विश्वासातले रूप आणि आडव्या धनुष्याचा पवित्र बाण ही दोन्ही लक्षणे एका वर्षाच्या आत नियमात उतरलेली दिसतात. एकच चिन्ह दोन समाजांत दोन परस्परविरोधी अर्थ धारण करते, ही त्या कथेतील खरी वेदना. नियमात तिला अर्थातच जागा मिळाली नाही.

वाघाच्या मुखाची कथा याहून वेगळी आहे. १९७७ च्या ग्रंथातील मजकुराचा सारा भर भासावर आहे. मूळ रूप कसे, यावर नाही. परंतु डेव्हिड ट्रॅम्पियर या चित्रकाराने सोबत जे चित्र काढले त्यात वाघाचे मस्तक असलेला, अंगात उंची झगा घातलेला राक्षस आरामात बसून चिलीम ओढताना दिसतो. ज्याचे सामर्थ्य कोणतेही एक रूप नसणे हेच होते, त्याला या चित्राने कायमचे एक रूप दिले. पुढील आवृत्त्यांत वाघाचे मस्तक मजकुरातही आले, आणि उलट्या तळव्यांचे हात हे त्याचे ओळखीचे लक्षण ठरले. सुंदरकांडातील अनेक मुखांपैकी एक मुख उरले आणि बाकीची गळाली.

वर्माचा प्रवास तर भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावा असा आहे. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत आशीर्वाद दिलेला बाण हीच वस्तू राक्षसाचा प्राण घेत असे. २००३ च्या सुधारित नियमांत ही वस्तू लोप पावली आणि तिच्या जागी दोन गुण आले : शस्त्र 'सत्प्रवृत्त' असावे आणि ते 'भोसकणारे' असावे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत सत्प्रवृत्ती शस्त्रातून निघून ते धारण करणाऱ्याकडे गेली. सज्जनाच्या हातातील मंत्रयुक्त भोसकणाऱ्या शस्त्राने राक्षसाला दुप्पट इजा होते, एवढेच शिल्लक राहिले. नाम गेले, विशेषणे उरली. ज्या प्रसंगामुळे बाण आला तो प्रसंग विसरला गेल्यावरही त्याचा ठसा व्याकरणात टिकून राहतो, तसाच हा प्रकार होय. मराठीत 'वर्म' म्हणजे मर्मस्थान, आणि संस्कृतात 'वर्मन्' म्हणजे चिलखत. राक्षसाच्या बाबतीत हे दोन अर्थ एकाच ठिकाणी नांदतात, कारण त्याचे वर्म म्हणजे त्याच्या चिलखतातील उणीव असते.

ही उणीव पुराणकथेत कोठून येते, हा या निबंधातील मुख्य प्रश्न. ती वरातून येते. वर हे एक वाक्य असते, आणि ते वाक्य मागणाऱ्याच्याच तोंडचे असते. उत्तरकांडात रावण सुपर्ण, नाग, यक्ष, दैत्य, दानव, राक्षस आणि देव यांच्याकडून अवध्यत्व मागतो. मनुष्यादी प्राणी त्यास तृणवत वाटतात, म्हणून त्यांचे नाव तो घेत नाही. हिरण्यकशिपू दिवस व रात्र, आत व बाहेर, मनुष्य व पशू अशा जोड्या मोजून वगळतो; संध्याकाळ, उंबरठा आणि नरसिंह या मधल्या जागा त्याच्या यादीत नसतात. शतपथ ब्राह्मणातील नमुचीच्या कथेत कोरड्याने नव्हे आणि ओल्याने नव्हे अशी अट आहे. इंद्र पाण्याच्या फेसाने त्याचा वध करतो. या सर्व कथांचा सांगाडा कायद्याच्या कलमासारखा आहे. यादी काळजीपूर्वक केलेली असते आणि मृत्यू यादीतल्या फटीतून येतो. खेळाच्या नोंदीतील 'अमुक मंत्र चालत नाहीत, साध्या शस्त्राने इजा नाही, परंतु अमुक बाणाने मृत्यू' हे वाक्यही नेमके याच घडणीचे आहे. या अर्थी पुराणकार आणि नियमकार हे एकाच विद्येचे लोक होत.

भेद आहे तो एवढाच की, पुराणातील फट कोणी ठेवली ते सांगता येते. रावणाने मनुष्याला तुच्छ मानले, म्हणून मनुष्याकडून तो मेला. येथे वर्म हे स्वभावाचे फळ आहे, आणि 'म्हणून' हे अव्यय कथेचा कणा आहे. युद्धकांडात रामाने सोडलेला शेवटचा बाणही अभिमंत्रित आहे. त्यापुरते खेळातील बाणाशी त्याचे साम्य आहे. पण रावण मरतो तो बाण अभिमंत्रित असल्यामुळे नव्हे, तर तो सोडणारा मनुष्य असल्यामुळे. खेळाच्या नोंदीत सामर्थ्य आहे, वर्म आहे, दोहोंना जोडणारे 'म्हणून' नाही. बाण का लागू पडतो याचे उत्तर 'नियम तसा आहे' एवढेच देता येते. खेळाडूला ते पाठ करता येते. पण विचार करून, प्रतिपक्षाचा अहंकार ओळखून, शोधून काढता येत नाही.

दुसरी गळती नीतीच्या रकान्यात आहे. 'नियमबद्ध दुष्ट' ही खूण संपूर्ण जातीला लावली की विभीषण आणि घटोत्कच यांना ग्रंथात जागा उरत नाही. एक भावाला सोडून धर्माच्या बाजूस येतो. दुसरा भीमाचा पुत्र म्हणून पांडवांसाठी प्राण देतो. जन्माने प्रवृत्ती ठरविण्याच्या या पद्धतीवर अमेरिकेतच पुष्कळ टीका झाली, आणि २०२० साली प्रकाशकांनी काही जातींचे असे चित्रण बदलण्याचे जाहीर केले. महाकाव्यांनी हा प्रश्न आपल्यापरीने फार पूर्वीच हाताळलेला होता.

तिसरी गळती सर्वांत खोल आहे, आणि महाराष्ट्राच्या लोकदैवतांकडे पाहिल्यावाचून ती लक्षात येत नाही. खेळात प्राणांक शून्य झाला की सामान्यतः प्रकरण मिटते. २०१४ च्या नोंदीत राक्षस मेल्यावर नरकात पुन्हा देह धारण करतो; पण तो परततो तो सूडासाठी. मल्हारी माहात्म्यातील मणी आणि मल्ल यांची गोष्ट वेगळी आहे. मल्लाचा वध झाला, आणि मल्हारी या नावात तो शत्रू म्हणून कायमचा राहिला. मणी शरण आला आणि त्याने देवाच्या सान्निध्यात जागा मागितली. म्हणून जेजुरीस येणारा भक्त त्यासही वंदन करतो. बळी पाताळात गेला, तरी बलिप्रतिपदेच्या दिवशी त्याचे राज्य पुन्हा यावे अशी इच्छा मराठी घरांत आजही उच्चारली जाते. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी तर गावोगावच्या म्हसोबाचे नाते महिषासुराशी जोडून दाखविले आहे. या परंपरेत पराभव हा शेवट नसून संबंधाचा आरंभ असतो. असुराचे अखेरचे सामर्थ्य म्हणजे मरताना काय मागावे हे त्यास कळते हे होय. त्यासाठी तक्त्यात रकाना नाही.

यावरून असे रूपांतर करूच नये असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. कीर्तनकार, चित्रकथी, दशावतारी या सर्वांनी पुराणांची रूपांतरेच केली, आणि त्यांमुळे ती जिवंत राहिली. प्रश्न आहे तो आरंभ कोठून करावयाचा याचा. चित्रापासून आरंभ केला तर वाघाचे तोंड हाती लागते. वरापासून आरंभ केला तर नियम आणि कथा दोन्ही एकदम मिळतात. घटोत्कचाचेच उदाहरण घ्यावे. रात्र चढू लागते तसे राक्षसांचे बळ वाढते, हे द्रोणपर्वात सांगितले आहे. ही वेळेशी बांधलेली, सहज मोजता येण्याजोगी शक्ती आहे. कर्णाजवळची वासवी शक्ती एकदाच वापरता येते आणि ती अर्जुनासाठी राखून ठेवलेली आहे. ती घटोत्कचावर खर्च करावी की नाही, हा निर्णय कोणत्याही खेळाडूला घाम फोडील. आणि मरणाऱ्या घटोत्कचाने देह वाढवून कौरवांची एक अक्षौहिणी आपल्याखाली चिरडली, हा मृत्यूनंतर लागू होणारा नियमच आहे. एवढ्या सामग्रीत आकडे आहेत, अटी आहेत, आणि त्या अटींचे कारणही आहे.

तक्ता हा शत्रू नव्हे. पाणिनीच्या देशात संक्षेपाला नावे ठेवणे शोभणारे नाही. सूत्र जितके आखूड तितके ते टिकाऊ, हे येथील विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. परंतु सूत्राबरोबर वृत्ती लागते, आणि वृत्तीत 'का' याचे उत्तर लागते. १९७५ साली अमेरिकेतील एका नियतकालिकात छापलेल्या नोंदीने 'राक्षस' हा शब्द अशा असंख्य लोकांपर्यंत पोचविला, ज्यांनी वाल्मीकीचे नाव ऐकले नव्हते. त्यांना राक्षसाचे बळ कळले, वर्म कळले. त्याने मागितलेला वर कळला नाही. मराठीत हे खेळ रचू पाहणाऱ्यांपुढे आज ती वाट मोकळी आहे. नोंदीच्या शिरोभागी एक रकाना वाढवावा आणि त्यात तो वर मागणाऱ्याच्याच शब्दांत, त्यातील फटीसह लिहावा. फट शोधण्याचे काम खेळाडूंचे.